काही दुखत नसतानाच तपासून घ्या: पूर्व भागातल्या आशाताईचं सांगणं

मी सोलापूरच्या पूर्व भागात आशा म्हणून काम करते. माझ्या गल्लीत दारोदारी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असतात. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म आम्हाला भरायचा असतो. तंबाखू खाता का, तोंडात जखम आहे का, छातीत गाठ लागते का, अंगावरून जास्त जातं का, असे प्रश्न असतात. हात न थांबवता उत्तर येतं, "काही नाही अक्का, दुखत नाही तर कशाला?" दुखायला लागल्यावर कुणालाही सांगावं लागत नाही, माणूस आपणहून दवाखान्यात पळतो. पण तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. म्हणून या तिन्हींची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते आणि ती धडधाकट माणसासाठीच आहे.

तोंडापासून सुरू करा, कारण ते घरीच बघता येतं. पुरुषांनीसुद्धा. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पुड्या कुठं मिळतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. बायका मिसरीला तंबाखूत धरतच नाहीत. "मी काही खात नाही, नुसतं दात घासते," म्हणतात. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, ती फॉर्ममध्ये लिहायची.

सकाळी चूळ भरून आरसा घेऊन दारात उजेडाला बसा. आधी ओठ उलटा करून बघा, मग बोटानं गाल बाहेर ओढून आतली बाजू. तंबाखूची गोळी रोज जिथं धरता ती जागा नीट बघा. मग जीभ टाळूला लावून तिच्याखाली, आणि जीभ एका बाजूला ओढून तिच्या कडा. कडांकडं फार जणांचं लक्ष जात नाही. पांढरा चट्टा दिसला तर फडक्यानं पुसून बघा. पुसला जात नसेल, किंवा मखमलीसारखा लाल डाग असेल, किंवा दोन-तीन आठवडे झाले तरी फोड बरा होत नसेल, तर दाखवायचं. दात टोचून जखम झाली असेल असं म्हणून महिना काढू नका.

आता तुमची स्वतःची तीन बोटं, एकावर एक उभी, तोंडात घालून बघा. जात नसतील तर तोंड आकसतंय. त्याच्या आधीची खूण आपल्या ताटातच असते. जन्मभर खाल्लेली शेंगाचटणी अचानक झोंबायला लागते, कडक भाकरी दुधात कुस्करल्याशिवाय जात नाही. सुपारी, मावा खाणाऱ्यांत हे फार. हा लगेच कॅन्सर नव्हे, पण पुढं होऊ शकतो. सुपारी आणि तंबाखू त्याच दिवशी बंद करायची.

छातीचं थोडक्यात सांगते. पाळी सुरू झाल्यावर सात ते दहा दिवसांनी, अंघोळीच्या वेळी साबणाच्या हातानं, बोटांच्या पेरांनी गळ्याच्या हाडापासून काखेपर्यंत चाचपा. पाळी गेलेल्यांनी महिन्याची एक तारीख धरावी. न दुखणारी गाठ, आत ओढलेलं बोंड, त्यातून रक्ताळ पाणी, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, यातलं काहीही दिसलं की केंद्रात जा. बहुतेक गाठी साध्या निघतात, पण ते डॉक्टरनं ठरवायचं. घरी चाचपलं म्हणून सिस्टरकडची तपासणी चुकवू नका, त्यांच्या हाताला जे लागतं ते आपल्याला लागतंच असं नाही. आई किंवा बहिणीला हा आजार झाला असेल तर आधी ते सांगा.

बायका सगळ्यात जास्त टाळतात ती खालची तपासणी, म्हणून ती सविस्तर लिहिते. पाळीचे दिवस सोडून जायचं. आधीचे दोन दिवस नवऱ्यापासून लांब, आणि आत कुठलं औषध ठेवायचं नाही. उपाशी राहायची गरज नाही. साडी किंवा परकर असेल तर सगळं उतरवावं लागत नाही. आधी लघवीला जाऊन या. पडदा लावून सिस्टर किंवा बाई डॉक्टरच तपासतात, तसं मागायचा तुम्हाला हक्क आहे. आत एक साधन घालून गर्भाशयाच्या मुखाला पातळ व्हिनेगर लावतात आणि मिनिटभर थांबतात. खराब व्हायला लागलेली जागा पांढरी दिसते. थोडी आग होते, बाकी काही नाही. तुम्ही साडी नीट करेपर्यंत निकाल हातात असतो.

पांढरं दिसलं म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. तिथून कॅन्सर व्हायला बहुधा दहा-दहा वर्षं जातात, आणि तेवढ्या काळात ती जागा काही मिनिटांत, भरती न होता जाळून टाकता येते. मुंबईत टाटाच्या डॉक्टरांनी वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर अभ्यास केला. ही व्हिनेगरची तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. आपल्या बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी तर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत लाखावर बायकांचा अभ्यास केला. त्यात एकदाच एचपीव्हीची, म्हणजे ज्या विषाणूमुळं हा कॅन्सर होतो त्याची, तपासणी झालेल्या गटात मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. 2009 साली ते जगभर छापून आलं. आणि आमच्या बायका म्हणतात, गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) होऊ दे, लगीनसराई होऊ दे, मग बघू.

"माझी पिशवी काढलीय," हे उत्तर तर रोजचं. पिशवी काढली तरी तोंड आणि छाती आहेच की! आणि ऑपरेशनमध्ये गर्भाशयाचं मुख काढलं की ठेवलं, हे कागद बघितल्याशिवाय कळत नाही. तो कागद सोबत आणा. पन्नाशीनंतर व्हिनेगरवर नीट दिसेलच असं नाही, तेव्हा डॉक्टर दुसरी तपासणी सांगतील. मात्र पाळी जाऊन वर्ष झाल्यावर परत डाग दिसला, किंवा संबंधानंतर रक्त गेलं, किंवा घाण वासाचं पाणी जात असेल, तर शिबिराची वाट बघू नका, सरळ सिव्हिलला जा.

बाकी कॅन्सरची लक्षणं एका दमात: घास अडकणं, तीन आठवडे आवाज बसणं, खोकल्यातून, शौचातून किंवा लघवीतून रक्त, कारण नसताना वजन उतरणं. मूळव्याध आहे म्हणून शौचातलं रक्त वर्षानुवर्षं अंगावर काढणारे माझ्या यादीत आहेत.

आता जायचं कसं. कारखान्यात विड्या देऊन परत येताना रिकाम्या सुपानिशी केंद्रात शिरा, वेगळा दिवस मोडत नाही. गल्लीतल्या चौघी मिळून आलात तर लाजही कमी वाटते. सासूला आणायचं असेल तर "बीपी-शुगर बघायला चला" म्हणा, ते खोटंही नाही, दोन्ही तिथंच होतं. काही निघालं नाही तर पाच वर्षांनी परत. तंबाखू खाणाऱ्यांनी मात्र तोंड मधूनमधून दाखवत राहावं.

काही निघालं आणि पुढं पाठवलं, तर तुकडा काढून तपासायला नाही म्हणू नका. "सुई लागली की पसरतो" हे आमच्याकडं घट्ट रुजलंय, त्यात तथ्य नाही. तुकड्याशिवाय कुठला कॅन्सर आहे हे कळत नाही आणि औषधही ठरत नाही. बार्शीला जावं लागलं तर एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे. उपचार महात्मा फुले योजनेत बसतात, त्यासाठी रेशन कार्ड आणि आधार लागतं. आमच्याकडं एकावर माहेरचं नाव आणि दुसऱ्यावर सासरचं, हे हमखास. दोन्ही कार्डं आजच शेजारी ठेवून वाचा, आणि फरक असेल तर दुरुस्तीला टाका. ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर त्या रांगेत उभं राहायला कुणाला वेळ नसतो.