पिठाची गिरणी गुगल नकाशावर नीट कशी मांडावी

वस्तीत नव्याने राहायला आलेले कुटुंब दळण कुठे टाकायचे हे पूर्वी शेजारी विचारत असे. आता ते मोबाइलवर ‘जवळची पिठाची गिरणी’ असे शोधते आणि नकाशाखाली दिसणाऱ्या पहिल्या दोन-तीन नावांपैकी एकाकडे डबा घेऊन जाते. ही नावे ठरवताना शोधाशी जुळणी, अंतर आणि व्यवसायाचा नावलौकिक या तीन गोष्टी पाहिल्या जातात, असे गुगलनेच जाहीर केले आहे. पैसे भरून हा क्रम वर नेता येत नाही. त्यामुळे ‘पहिल्या क्रमांकाची हमी’ देणारा फोन आला, तर तो नम्रपणे ठेवून द्यावा.

प्रथम आपली गिरणी नकाशावर आधीच आहे का ते पाहावे, कारण एखाद्या गिऱ्हाइकाने ती केव्हाच नोंदवलेली असू शकते. तसे असल्यास दुसरी नोंद न करता त्याच नोंदीवर (गुगल तिला ‘बिझनेस प्रोफाइल’ म्हणते) मालकीचा दावा करावा. पडताळणीसाठी बहुधा व्हिडिओ मागितला जातो. त्यात रस्ता, पाटी, शटर उघडणारे आपण आणि आतली चक्की सलग दिसली पाहिजे. हे सारे स्वतःच्या ईमेल खात्यावरूनच करावे. भाच्याच्या किंवा एजंटाच्या खात्यावर नोंद राहिली, की पुढे साधा फोन नंबर बदलायचा तरी त्यांच्या मागे लागावे लागते.

नाव पाटीवर आहे तेच लिहावे. त्यापुढे ‘सर्वोत्तम’ किंवा ‘घरपोच सेवा’ असे शब्द जोडणे नियमाविरुद्ध असून त्यामुळे नोंद स्थगितही होऊ शकते. मुख्य वर्ग म्हणून ‘फ्लोअर मिल’ निवडावा आणि मिरची-मसाला कांडप, चकलीची भाजणी, अनारशाचे पीठ, नाचणी ही कामे सेवांच्या यादीत एकेक करून भरावीत. वर्णनाला 750 अक्षरांची मर्यादा आहे. गिऱ्हाईक काउंटरवर जे विचारते त्याचे उत्तर तिथे द्यावे: उपवासाची भाजणी वेगळ्या चक्कीवर दळतो का, कांडपासाठी मिरची वाळवून आणावी लागते का.

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष होते ते नकाशावरच्या खुणेकडे. आमच्या गिरणीची खूण कित्येक महिने मागच्या गल्लीत पडलेली होती. एके दिवशी एक आजोबा स्कूटरवर पायांत दहा किलोचा डबा धरून त्या गल्लीत उभे राहिले. चक्कीचा आवाज त्यांना ऐकू येत होता, पण मध्ये सोसायटीची भिंत होती. त्यांचा फोन आला तेव्हा चूक आमच्या लक्षात आली. खूण इमारतीच्या मध्यावर न ठेवता थेट शटरसमोर सरकवावी, आणि मग स्वतः दुसऱ्या मोबाइलवर मार्ग लावून तिथवर चालत जावे.

वेळेच्या बाबतीतही असाच काटेकोरपणा हवा. दुपारी बंद ठेवत असाल तर सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन वेळा वेगळ्या भराव्यात. दिवाळीपूर्वी भाजणीसाठी आणि उन्हाळ्यात कांडपासाठी गिरणी उशिरापर्यंत चालते, तेव्हा ‘विशेष वेळा’ या सोयीत त्या तारखा टाकाव्यात. गणपतीत गावी जात असाल तर बंदचे दिवसही तिथेच नोंदवावेत. ‘उघडे आहे’ असे वाचून आलेल्या माणसाला बंद शटर दिसले, तर तो पुन्हा येत नाही.

अभिप्राय मागण्यात संकोच नसावा. अभिप्रायाच्या दुव्याचा क्यूआर कोड छापून वजनकाट्याशेजारी लावावा आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना काय दळून नेले तेही लिहा अशी विनंती करावी. मात्र अभिप्रायाच्या बदल्यात दळणात सवलत देऊ नये, कारण तसे करण्यास मनाई आहे. पिठात कचकच लागली अशी तक्रार आली, तर वाद न घालता चक्कीच्या दगडाला टाकी कधी लावली, म्हणजे तो छिन्नीने कधी टोचून घेतला, ते सांगावे आणि दळण बदलून द्यावे. ते उत्तर तक्रारदारापेक्षा पुढचे शंभर वाचक अधिक लक्षपूर्वक वाचतात.

दर महिन्याला प्रोफाइलमध्ये किती जणांनी फोन केला आणि किती जणांनी मार्ग विचारला हे आकडे दिसतात. ते वहीत टिपून ठेवावेत, आणि लोकांनी कोणते शब्द शोधले ती यादी पाहून सेवांमध्ये राहिलेले नाव भरावे. आम्हांला ‘थालीपीठ भाजणी’ तिथेच सापडली.