यलोस्टोनमध्ये हंगामी काम करणाऱ्यांसाठी

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या कॅम्पग्राउंडवर उन्हाळ्यापुरते काम स्वीकारणाऱ्याने शक्य असल्यास दुपारची पाळी मागून घ्यावी, कारण लांडगे आणि अस्वले पहाटेच्या पहिल्या उजेडात अधिक दिसतात आणि त्या वेळी लामार खोऱ्यात पोहोचायचे, तर सकाळ मोकळी हवी. चांगली दुर्बीण जवळ असावीच. अस्वल व लांडग्यापासून किमान ९१ मीटर, तर बायसन, एल्क यांसारख्या इतर प्राण्यांपासून २३ मीटर अंतर राखणे बंधनकारक आहे. ऑगस्टमध्ये बायसन माजावर असतात, तेव्हा हे अंतरही मला अपुरे वाटते. तंबूत अन्नच काय, टूथपेस्टदेखील ठेवू नये. अस्वलाला तेवढा वास पुरतो.