सीलंट टिकवायचं असेल तर दाढ कोरडी ठेवा

सहाव्या-सातव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली पक्की दाढ येते. तिच्या जागी आधीचा दात पडलेला नसतो, म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात आणि काळा डाग दिसला तरी ‘पडेल आपोआप’ म्हणून थांबतात. तिच्या खाचा ब्रशच्या केसापेक्षाही अरुंद असतात, त्यामुळे दंतवैद्याने त्या सील करायला हव्यात, म्हणजे सीलंट या पातळ रेझिनच्या थराने बुजवायला हव्यात. दुसरी पक्की दाढ बाराव्या वर्षाच्या सुमारास येते, तेव्हा तिच्याही.

आधी दाढ फिरत्या ब्रशने किंवा तेलविरहित प्युमिसने (दगडाच्या बारीक पुडीने) घासा. टोकदार प्रोब (तपासणीची सुई) खाचेत खुपसू नका, नुकतीच सुरू झालेली कीड त्याने फुटते. पांढुरका डाग असेल पण खड्डा नसेल, तर सील करायला हरकत नाही. खड्डा असेल तर फिलिंगच.

सीलंट निघतं ते बहुतेक वेळा लाळेमुळे. रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणायचा रबराचा पडदा, उत्तम. नसेल तर कापसाचे रोल, लाळ ओढणारं जोरदार सक्शन आणि मदतनीस हवाच. एकट्याने केलेलं काम कमी टिकतं.

३५ ते ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं जेल १५ ते ३० सेकंद ठेवा, भरपूर पाण्याने धुवा, वाळवा. पृष्ठभाग खडूसारखा पांढरा दिसला पाहिजे. या क्षणी लाळेचा थेंब जरी लागला, तरी तिच्यातली प्रथिनं इनॅमलची सूक्ष्म छिद्रं बुजवतात. नुसतं धुऊन भागत नाही. पुन्हा थोडा वेळ अ‍ॅसिड लावा. ओलाव्याची शंका असेल तर सीलंटआधी बाँडिंगचा (दाताला चिकटवणाऱ्या द्रवाचा) पातळ थर द्या.

सीलंट एका टोकाकडून सोडा, म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. खालच्या दाढेची गालाकडची आणि वरच्या दाढेची टाळूकडची खाच हमखास राहून जाते. ती विसरू नका. काही सेकंद मुरू द्या, मग सीलंट घट्ट करणाऱ्या लाइटचं टोक जवळ धरून प्रत्येक बाजू साधारण २० सेकंद, उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे. नंतर प्रोबने कड उचलून पाहा. निघाली तर सुरुवातीपासून करा. चावा तपासा, कारण जाड थर आपटून फुटतो. फ्लोराइड वार्निश लावायचं असेल तर सगळ्यात शेवटी.

दाढेचा मागचा भाग अजून हिरडीखाली असेल तर कोरडेपणा मिळणं अवघडच. तिथे ग्लास आयोनोमर हा फ्लोराइड सोडणारा सिमेंट बोटाने दाबून बसवा. तो लवकर झिजतो, पण तोवर दाढेला फ्लोराइड मिळत राहतं. पूर्ण वर आल्यावर रेझिन सीलंट लावा.

दर सहा महिन्यांनी पाहा. अर्धवट निघालेलं दिसलं तर तेवढ्याच भागावर पुन्हा लावा.