जॉब बिघडतो तो चकातच: लेथवर या चुका टाळा

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत लेथवर जॉबवर्क करता करता सव्वीस वर्षं झाली. शेजारच्या शेडमधली पोरं हातात जॉब (लेथवर फिरवून कापायचा भाग) घेऊन येतात आणि म्हणतात, "काका, टेपर येतोय, बेड गेला वाटतं." टेपर म्हणजे जॉब एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक; बेड म्हणजे लेथचा पाया. मी बेडकडं नंतर बघतो, आधी जॉब कसा धरला होता ते विचारतो. बहुतेक वेळा दुखणं तिथंच सापडतं. टूल बदलून बघतात, आरपीएम कमी-जास्त करतात, मशीनवाल्याला फोन लावतात, पण जॉब धरून फिरवणाऱ्या चकाकडं कुणी बघत नाही.

परवाचंच सांगतो. 25 मिमीचा एमएस (माइल्ड स्टील) बार, चकाबाहेर 200 मिमी, आणि टेलस्टॉक (बारच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग) तिकडं कोपऱ्यात. पुढच्या टोकाला बार टूलपासून पळणारच. बाहेर काढलेली लांबी दुप्पट केली, की तेवढ्याच कटला टोक आठपट वाकतं. व्यासाच्या तिप्पट लांबीपर्यंत मी बार मोकळा चालवतो, त्यापुढं टेलस्टॉकचं सेंटर, म्हणजे टोकदार आधार. सेंटर ड्रिल मारायला दोन मिनिटं लागतात. ती वाचवायची आणि मग टेपर काढण्यात अर्धा तास घालवायचा, याला मी तरी घाई म्हणत नाही, आळस म्हणतो.

सगळ्या कामाला तीन जॉचाच चक

तीन जॉचा (जॉ म्हणजे पकडणारा जबडा) चक सोपा आहे. एकाच चावीनं स्क्रोल (आतली चक्राकार आट्यांची तबकडी) फिरतो, तिन्ही जॉ बरोबरीनं पुढं येतात, गोल आणि षटकोनी बार लगेच धरला जातो. म्हणून नवशिक्याला वाटतं, याचं सेंटर (मध्य) बिनचूक असतं. ते नसतं. चांगल्या वापरातल्या चकातही 0.05 ते 0.10 मिमी रनआऊट (फिरताना जॉब मध्यापासून हलणं) मिळतो आणि स्क्रोल झिजला की आणखी वाढतो. बाहेरचा व्यास आणि बोअर (आतलं भोक) एकमेकांशी जुळायला हवे असतील, तर दोन्ही एकाच धरणीत काढा. जॉब सोडून, उलटा करून पुन्हा धरला आणि "तिथंच आला असेल" असं मानलं, की जॉब गेला.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. आपल्या जिल्ह्यात पंपाचं काम पुढं तिथूनच वाढलं, त्यामुळं बिडाचं कास्टिंग इथं सारखं लेथवर चढतं. कास्टिंग कधीच गोल नसतं, त्याला चार जॉचा चक लागतो. चौकोनी जॉबला आणि एक्सेंट्रिकलाही (मध्य सोडून कापायच्या जॉबलाही) तोच. पण पोरं त्याला घाबरतात, कारण प्रत्येक जॉ वेगळा सरकतो आणि सेंटर आपल्याला काढावं लागतं.

घाबरण्यासारखं त्यात काही नाही. चकाच्या तोंडावर गोल रेघा असतात, त्यावरून जॉब अंदाजे मध्ये आणायचा, मग डायल (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावायचा. समोरासमोरची एकच जोडी घ्यायची. एका जॉपाशी डायल शून्य केला, चक अर्धा फिरवला आणि 0.40 दिसला, तर जॉब 0.20 सरकवायचा. सगळे 0.40 सरकवून पुन्हा पुन्हा पलीकडं जाणारी पोरं मी रोज बघतो. ही जोडी जवळपास जुळली, की दुसरी जोडी. आधी एक जॉ ढिला, मग समोरचा घट्ट. मी या चकाला दोन चाव्या ठेवल्या आहेत, समोरासमोरच्या जॉना एकेक लावून दोन्ही हातांनी सरकवतो. पहिल्यांदा वीस मिनिटं जातील. महिनाभर केलंत, तर तीन-चार मिनिटांत जॉब ट्रू होतो, म्हणजे नेमका मध्यावर फिरतो.

पातळ बुश आवळून धरणं

या चुकीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तिनं मला चाळीस बुशचा (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळ्यांचा) फटका दिला.

ऑक्टोबर छाटणी होऊन द्राक्षबागांत फवारणी सुरू झाली होती. ब्लोअरच्या पंपासाठी गनमेटलचे बुश हवे होते. बाहेरचा व्यास 56, बोअर 50, म्हणजे भिंत फक्त 3 मिमीची. गिऱ्हाईक दारात उभं. मी तीन जॉच्या चकात बुश चांगले आवळले, बोअर मारले, बोअर गेज फिरवून बघितला. सगळीकडं 50.015, चकातून काढल्यावरही तेवढाच. माल गेला. दुसऱ्या दिवशी सगळाच्या सगळा परत आला, शाफ्ट आत जात नव्हता. शाफ्ट मोजला तर 49.98. मापानं जायला हवा होता, हातानं ढकलून जात नव्हता.

शेवटी शाफ्टला मार्किंग ब्लू (टेकलेली जागा दाखवणारा निळा रंग) लावून बुशमध्ये जाईल तेवढा घातला आणि फिरवून काढला. बुशच्या आत निळे डाग तीनच जागी. बाहेरच्या अंगावर जॉचे पुसट वळ होते, ते बघितले. प्रत्येक डाग बरोबर दोन वळांच्या मधोमध होता.

झालं होतं असं. आवळल्यावर जॉखालची भिंत आत दबली होती. तशा दबलेल्या बुशात मी गोल बोअर मारला. जॉ सोडल्यावर भिंत मूळ जागी गेली, त्यामुळं जॉच्या जागी बोअर मोठा झाला आणि मधल्या जागी लहान. तीन जॉच्या चकात कुठल्याही जॉच्या समोर दुसरा जॉ नसतो, दोन जॉमधली मोकळी जागा असते. म्हणून दोन टोकांनी मोजणाऱ्या गेजचं एक टोक मोठ्या जागी, तर दुसरं लहान जागी. बेरीज सगळीकडं तीच. माप बरोबर, बुश वाकडा.

तेव्हापासून पातळ बुश मी सॉफ्ट जॉमध्येच (हवा तसा कापता येणाऱ्या मऊ जॉमध्ये) धरतो. जॉच्या मागच्या बाजूला एक रिंग पकडायची, कामाच्या वेळी जेवढं आवळणार तेवढंच आवळायचं आणि मग सॉफ्ट जॉ जॉबच्या बाहेरच्या व्यासाला बोअर करायचे. व्यास तंतोतंत हवा. मोठा झाला तर जॉ फक्त मधल्या रेघेवर टेकतो, लहान झाला तर दोन कडांवर. दोन्हीत बुश पुन्हा दाबला जातो. बरोबर जमला, तर जॉ बुशला मिठी मारल्यासारखा बसतो आणि थोड्या जोरातही पकड पुरते.

सॉफ्ट जॉ नसतील, तर बाहेरून अर्धा मिमी जादा ठेवा. रफ बोअर मारून चक सोडा, हलक्या हातानं पुन्हा धरा आणि बारीक कटनं बोअर पूर्ण करा. नंतर मँड्रेलवर (बोअरमध्ये घट्ट बसणाऱ्या दांड्यावर) चढवून बाहेरचा व्यास काढा. शेवटी गेजच्या जोडीला त्या मापाचा प्लग (गोल दांडा) घालून बघा. मी आता पहिला बुश प्लग गेल्याशिवाय दुसरा चढवत नाही.

चावी चकात

माझ्या हेल्परनं एकदा चावी चकात ठेवली आणि मी न बघता मशीन चालू केलं. चावी त्याच्या कानाजवळून गेली आणि शटरवर आदळली. तो पोचा मी आजपर्यंत ठोकून सरळ केलेला नाही, नवीन येणाऱ्या प्रत्येकाला आधी तो दाखवतो. आमच्याकडं नियम एकच: चावी चकात असेल, तर हात चावीवर असलाच पाहिजे. घाम पुसायचा असला, तरी चावी काढून पुसायचा. हात सोडला की आपोआप बाहेर पडणारी स्प्रिंगची चावी मिळते, नवशिक्याच्या हातात तीच द्या.

त्याच चावीला पाईप लावून आवळणारेही आहेत. पाईप लागतोय याचा अर्थ पकड चुकली आहे, नाहीतर जॉ किंवा स्क्रोल झिजला आहे. आणि हातमोजे घालून लेथ चालवू नका. यावर माझ्याकडं वाद नको.

बाकीच्या

जॉ चकाच्या अंगाबाहेर लांब काढून मोठा जॉब धरू नका, आत स्क्रोलचे एक-दोनच दाते धरून राहतात. रिव्हर्स जॉ त्यासाठीच दिलेले असतात.

चकावर कोरलेला आरपीएम ही शेवटची हद्द. वेग दुप्पट केला, की जॉना बाहेर ओढणारं बळ चौपट होतं आणि बाहेरून धरलेल्या जॉबची पकड तेवढी सुटते.

ईआर कोलेट (बार चहूबाजूंनी आवळणारी चिरा पाडलेली नळी) साधारण 1 मिमीच आवळतो. 20 च्या कोलेटमध्ये 18 चा बार घुसवला, तर कोलेट जातो आणि बारही हलतो.

आट्याच्या स्पिंडलवरचा (फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर आट्यांनी बसवलेला) चक उलटा चालवू नका आणि सरळ फिरताना एकदम ब्रेक मारू नका, तो सुटून येतो.

फेसप्लेटवर (चकाऐवजी लावायच्या सपाट तबकडीवर) एका बाजूला जॉब, तर दुसऱ्या बाजूला वजन. नाहीतर मशीन थरथरतं आणि बोअर गोल येत नाही.

चक उतरवताना बेडवर फळी टाका. दहा इंची चक वीस किलोच्या वर भरतो, बेडवर पडला तर बेड जातो, बोटावर पडला तर बोट.

जॉवर 1, 2, 3 असे आकडे असतात. त्याच क्रमानं, त्याच खाचेत घाला. स्क्रोलचं टोक पहिल्या खाचेत दिसलं की पहिला जॉ, मग फिरवत दुसरा, मग तिसरा. क्रम चुकला तर तिन्ही जॉ मध्यावर एकत्र येतच नाहीत, आणि पोरं चक बिघडला म्हणून माझ्याकडं घेऊन येतात.

बिडाचं काम झालं, की मी त्याच संध्याकाळी जॉ काढतो. हवेच्या पाईपनं फुंकत नाही, त्यानं भुकटी स्क्रोलच्या आणखी आत जाते. ब्रश आणि रॉकेल, मग पातळ तेलाचा हात. जाड ग्रीस आणि बिडाची भुकटी एकत्र आली, की आतून पॉलिश पेपर फिरवल्यासारखा स्क्रोल झिजतो.