सॅक दिसली, पण कुठे? गायनॅकच्या नव्या रेसिडेंटसाठी

जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाचे रेसिडेंट, म्हणून लागलात की नळीतली एक्टोपिक (गर्भ नेहमीची जागा सोडून भलतीकडे रुजणं) लवकरच अंगवळणी पडते. पाळी चुकलेली, पोटात दुखतंय, युपीटी (लघवीची गर्भचाचणी) पॉझिटिव्ह, गर्भपिशवी रिकामी, बाजूला मास (गाठ). एक्टोपिकपैकी ९० टक्क्यांहून जास्त नळीतच असतात, त्यामुळे हे चित्र डोळ्यांत पक्कं बसतं. पंचाईत होते ती उरलेल्यांची. त्यात सॅक (गर्भाची थैली) पिशवीतच किंवा पिशवीला लागून दिसते आणि रात्री दोन वाजता ‘इन्ट्रायुटेराइन’ (गर्भ पिशवीतच आहे) लिहून मोकळं व्हावंसं वाटतं.

सगळ्यात जास्त भेटणार आहे ती सिझरच्या टाक्यातली, म्हणजे स्कार एक्टोपिक. तिची पहिली नोंद १९७८ सालची. आज साधारण दोन हजार गरोदरपणांत एक असा अंदाज सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात सिझरचं प्रमाण २५ टक्क्यांच्या पुढे गेलं होतं, तेव्हा आपल्या वॉर्डात ती दुर्मीळ राहिलेली नाही.

बाहेरून चिठ्ठी येते: ‘इनएव्हिटेबल ॲबॉर्शन, क्युरेटिंगसाठी पाठवत आहोत.’ म्हणजे गर्भ पडणारच आहे, पिशवी साफ करा. मागचं सिझर, आता दिवस राहून दोन महिने होत आलेले, थोडं अंगावरून जातंय, दुखत मात्र नाही. चिठ्ठी बाजूला ठेवा आणि टीव्हीएसचा (योनीमार्गातून करायच्या सोनोग्राफीचा) प्रोब स्वतः हातात घ्या. लघवीची पिशवी पूर्ण रिकामी करायला लावू नका. थोडी भरलेली असली की टाक्याची रेघ नीट उठून दिसते. आता उभ्या छेदात बघा. वर फंडस (पिशवीचा माथा) रिकामा, खाली सर्व्हिक्सचा (पिशवीच्या तोंडाचा) मार्ग रिकामा, आणि सॅक पुढच्या भिंतीत, टाक्याच्या जागी. सॅक आणि लघवीची पिशवी यांच्यामध्ये स्नायूचा पातळसा पापुद्रा, कधी तोही नाही. प्रोबने हलकं दाबून बघा. पडत आलेला गर्भ सरकतो, हा जागचा हलत नाही. कलर डॉप्लर लावलात तर भोवती रक्तप्रवाहाचं कडं पेटतं. सुटून खाली आलेल्या सॅकभोवती ते नसतं.

हे लवकर बघण्यात अर्थ आहे. सातव्या-आठव्या आठवड्यानंतर सॅक वर, पोकळीकडे वाढत जाते आणि नॉर्मल वाटायला लागते. पुढे तोच रुग्ण ॲक्रीटा (वार पिशवीच्या स्नायूत रुतलेली) होऊन समोर येतो. म्हणून सिझर झालेल्या बाईची सॅक सुरुवातीच्या सोनोग्राफीत खाली आणि पुढे दिसली, तर उलटं सिद्ध होईपर्यंत ती स्कार एक्टोपिकच धरा. अशा बाईला ओटीत नेऊन नुसतं क्युरेट फिरवलं तर रक्त थांबवता थांबवता पिशवी काढायची वेळ येते.

उपचार जागा, आठवडे आणि पापुद्र्याची जाडी बघून ठरतात. जाडी बरी असेल तर सोनोग्राफीच्या नजरेखाली सक्शन, रक्त दाबून धरायला फोलीचा फुगा हाताशी ठेवून. पापुद्रा फारच पातळ असेल, म्हणजे साधारण ३ मिलिमीटरच्या आत, तर दुर्बिणीने गर्भ काढून टाक्याची जागा पुन्हा शिवणं बरं. सॅकमध्ये थेट मेथोट्रेक्सेट (गर्भाची वाढ थांबवणारं औषध) देता येतं. कमरेतल्या एकट्या इंजेक्शनवर मात्र विसंबू नका. हे सगळं सिनियरच ठरवतील. नातेवाइकांशी बोलायची वेळ मात्र तुमच्यावर येईल. सासूबाई विचारतात, “ठोके आहेत म्हणता, मग काढता कशाला?” तेव्हा कागदावर पिशवी काढा, टाका दाखवा आणि सांगा की बाळ जिवंत आहे, पण मुळं टाक्यात रुतली आहेत, वाढवलं तर आईचा जीव आणि पिशवी दोन्ही धोक्यात. त्या बाईशीही एकदा एकटीशी बोला. निर्णय तिचा आहे.

इंटरस्टिशियल म्हणजे नळीचा जो भाग पिशवीच्या स्नायूतून जातो, तिथला गर्भ. सॅक कोपऱ्यात, पोकळीपासून वेगळी, भोवतीचा स्नायू ५ मिलिमीटरपेक्षा कमी, आणि पोकळीपासून सॅककडे जाणारी एक पांढरी रेघ. थ्रीडी असेल तर कोरोनल छेद घ्याच. स्नायू ताणत राहतो म्हणून ही नळीतल्यापेक्षा उशिरा फुटते, आणि फुटली की रक्ताचा हिशेब राहत नाही. पण कोपऱ्यातली प्रत्येक सॅक इंटरस्टिशियल नसते. अँग्युलर गर्भ पोकळीतच असतो आणि बऱ्याचदा सुखरूप पुढे जातो. घाईने त्याला एक्टोपिक ठरवणं हाही तितकाच मोठा घोटाळा.

सर्व्हिक्समधल्या गर्भात पिशवी डमरूसारखी दिसते आणि न दुखता भरपूर रक्त जातं. बोटाने चाचपत बसू नका. अंडाशयातला बहुधा टेबलावरच कळतो. तो ओळखायचे स्पीगेलबर्गचे १८७८ चे निकष परीक्षेत विचारतात, वॉर्डात कॉपर-टी आहे का ते विचारा. पोटातल्या गर्भाचं एवढंच लक्षात ठेवा की आतड्याला चिकटलेली वार ओढून काढायची नाही. आणि आयव्हीएफची पेशंट असेल तर पिशवीत सॅक दिसली म्हणून नळ्या बघायचं सोडू नका; दोन्हीकडे गर्भ असला तर मेथोट्रेक्सेट बाद.

मेथोट्रेक्सेटचं गणित सोपं आहे: शरीराच्या दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम, चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्तात एचसीजी (गरोदरपणाचं संप्रेरक), त्या दोहोंत किमान १५ टक्के घट. अवघड आहे ते बाई सातव्या दिवशी परत येईल का, हे ओळखणं. घर लांब, एसटी दिवसातून दोनदा, घरात लहान मूल, तर कागदावर औषधाला योग्य असूनही मी ऑपरेशनच सुचवते. औषध द्यायचंच तर आधी तिच्या हातातल्या पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढायला सांगा. आशाताईंनी दिलेल्या लोह-फॉलिकच्या गोळ्या तिथेच सापडतात, आणि फॉलिक चालू असताना मेथोट्रेक्सेट द्यायचं नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन विसरू नका. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचा एफ फॉर्म भरल्याशिवाय सोनोग्राफी संपली असं समजू नका, कितीही धावपळ असली तरी.

डिस्चार्ज कार्डावर निदान इंग्रजीत असतंच. खाली ठळक मराठीत लिहा: ‘पुढच्या वेळी दिवस राहिले की सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून घ्यावी, मागे टाक्यात गर्भ राहिला होता.’ पुढच्या खेपेला ती दुसऱ्याच दवाखान्यात जाईल आणि तिथल्या डॉक्टरांना हाच कागद दाखवेल.