धान कुठं द्यायचं? सरकारी खरेदी केंद्र, व्यापारी की स्वतः तांदूळ काढून? भंडारा-गोंदियावाल्यांसाठी हिशोब

दिवाळी झाली की आपल्याकडे पारावर एकच विषय, भाऊ यंदा धान कुठं देतोस. आणि उत्तरं पण ठरलेली, शेजारी जिथं देतो तिथं. असं नका करू. आधी हिशोब मांडा, मग गाडी भरा.

पहिला आकडा हमीभाव. २०२५-२६ च्या खरिपाला साधारण धानाला क्विंटलमागे २३६९ रुपये आणि अ दर्जाला २३८९. म्हणजे ठोकळ (जाड दाण्याचं) आणि बारीक यात सरकारी फरक फक्त २० रुपयांचा! तिथं प्रत ठरते दाण्याच्या लांबी-रुंदीवरून, भाताची चव कशी लागते ते कोणी विचारत नाही. म्हणून माझं सरळ मत आहे, १०१० वाणासारखं ठोकळ धान केंद्रावर द्या, आणि एचएमटी, जय श्रीराम असलं बारीक धान केंद्रावर नेण्याआधी दहादा विचार करा. एचएमटी आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी शोधलेला वाण, तो लोकं शोधत येऊन घेतात आणि आपण त्याला २० रुपये जास्त घेऊन खुश व्हायचं का?

आता कागद. हे काम दिवाळीनंतरचं नाही, पावसाळ्यातलंच आहे. ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची नोंद) केली नाही तर सातबाऱ्यावर धान दिसत नाही आणि मग केंद्रावर नोंदणीच अडते. सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुक एवढं तयार ठेवा, खातं आधारशी जोडलेलं आहे का ते बँकेत जाऊन विचारा, कारण चुकारा (धानाचे पैसे) थेट खात्यात येतो आणि खात्याचा घोळ असला की महिनाभर हेलपाटे. सातबाऱ्यावर भाऊ-बहिणी सगळ्यांची नावं असतील तर संमतीपत्र आधीच करून घ्या, ऐन वेळी कोणी पुण्याला असतो कोणी रुसलेला असतो. बहुतेक ठिकाणी खरेदी मार्केटिंग फेडरेशनची, संस्थांमार्फत, आणि आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळाची. तुमचं गाव कोणत्या केंद्राला जोडलंय ते आधी बघा. हेक्टरी किती क्विंटल घेणार याची मर्यादा पण हंगामाला ठरते, ती केंद्रावर लावलेली असते.

धान व्यापाऱ्याला द्यायचं असलं तरी नोंदणी कराच. २०२३-२४ ला सरकारनं हेक्टरी २० हजार, दोन हेक्टरपर्यंत, असा बोनस दिला तो नोंदणी केलेल्या शेतकऱ्याला होता, धान विकलं की नाही यावर नव्हता. दरवर्षी मिळेलच असं नाही, नियम पण बदलतात, पण नोंदणी नसेल तर मिळायचा प्रश्नच येत नाही. आणि हो, आपला सातबारा दुसऱ्याला "वापरायला" देऊ नका. तुमच्या नावावर कोणाचं तरी धान चढतं, उद्या चौकशी आली की सही तुमची सापडते. छत्तीसगडात क्विंटलला ३१०० मिळतात हे सीमेवरचे लोकं सांगत असतात, ते खरं आहे, पण हमीभावाच्या वरचे पैसे त्यांच्या राज्याचे, आणि ते तिथल्या नोंदणीवाल्यांना.

मग येतो ओलावा, आणि खरा पैसा इथंच जातो. केंद्रावर १७ टक्क्यांपर्यंत चालतं. हार्वेस्टरनं काढलेलं धान बऱ्याचदा वीसच्या वर असतं, ते तसंच नेलं की परत आणा किंवा कट्टी सोसा. वाळवलं की वजन घटतं म्हणून काही लोकं मुद्दाम ओलं ठेवतात, तर हिशोब बघा: २० टक्के ओलाव्याचं १०० किलो धान १७ वर आणलं की साधारण ९६ किलो ४०० ग्रॅम राहतं. म्हणजे साडेतीन किलो गेलं, ८५ रुपयांचं. गाडी परत आणली तर त्याच्या कितीतरी जास्त जातं. उलट १४ पर्यंत वाळवून केंद्रावर नेणं पण शहाणपणाचं नाही, आणखी साडेतीन टक्के वजन फुकट घालवता, कोणी जास्तीचे पैसे देत नाही. घरी साठवायचं असेल तर मात्र १४ च्या आत पाहिजेच, नाहीतर पोत्यात गरम होऊन दाणा पिवळा पडतो. वाळवताना ताडपत्रीवर पातळ पसरा, उलथत रहा, संध्याकाळी झाका. डांबरी रस्त्यावर भर उन्हात नको, दाण्याला आतून तडा जातो आणि मिलमध्ये कनकी (तुकडा तांदूळ) वाढते. कापून बांधीत पडू देऊ नका, पुंजणे (कापलेल्या धानाचे ढीग) लावायचे असतील तर उंच जागी, नोव्हेंबरातला अवकाळी कोणाला विचारून येत नाही.

काट्यावर स्वतः उभे रहा. पोत्यात निव्वळ ४० किलो धान आणि वर बारदान्याचं वजन, बस. त्याच्यावर किलो-दोन किलो जास्त घेतात ही तक्रार जुनी आहे, एका पोत्यामागे १ किलो म्हणजे क्विंटलला अडीच किलो, जवळपास ६० रुपये. पावती वर तारीख, वजन, पोत्यांची संख्या बघितल्याशिवाय घरी जाऊ नका.

आता व्यापारी. समजा तो घरून उचलून रोख २०५० देतो. केंद्राचे २३६९. फरक ३१९. त्यातून केंद्रापर्यंत गाडी आणि हमाली वजा करा, काट्यातली घट धरा, आणि चुकारा दोन महिने अडकला आणि तुम्ही सावकाराकडून महिना २ टक्क्यानं पैसे उचलले तर क्विंटलला ८० रुपये व्याज. सगळं काढून समजा दीडशे उरले. ५० क्विंटलला साडेसात हजार. ज्याला घरात लग्न आहे किंवा सोसायटीचं कर्ज भरायचंय त्याला वाट बघणं परवडत नाही, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण सगळंच एका दिवसात विकायची काय गरज, गरजेपुरतं व्यापाऱ्याला आणि बाकी केंद्रावर. ठेक्यानं, बटईनं करणाऱ्याचं मात्र अवघड आहे, सातबारा मालकाचा, त्यामुळं चुकारा पण मालकाच्या खात्यात, तेव्हा पैशाचं बोलणं पेरणीआधीच कागदावर करून घ्या.

बारीक धानाचा तिसरा रस्ता म्हणजे तांदूळ काढून विकणं. सरकार मिलवाल्याकडून क्विंटल धानामागं ६७ किलो तांदूळ धरतं, उकडा असेल तर ६८. त्या हिशोबानं २३६९ चं धान म्हणजे तांदळाला किलोमागं ३५ रुपये ३६ पैसे, मिलिंग, पोतं, भाडं सोडून. हा आकडा पाठ करा आणि किराणा दुकानातल्या भावाशी लावून बघा. पण दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका, आपल्या धानाचं एक पोतं मिलवर काढा आणि अख्खा तांदूळ, कनकी, कोंडा वेगवेगळं मोजा. समजा क्विंटलला ५८ किलो अख्खा निघाला आणि ५० नं गेला तर २९००, ७ किलो कनकी २२ नं १५४, खर्च अडीचशे. हातात २८०० च्या वर. केंद्रापेक्षा क्विंटलला चारशे जास्त. फक्त गिऱ्हाईक पाहिजे. नागपूरला, पुण्याला असलेले नातेवाईक, त्यांच्या सोसायटीतले शेजारी, दरवर्षी २५-२५ किलो घेणारे. पाच-दहा क्विंटल असं सहज खपतं, ५० खपत नाही. आणि नवा तांदूळ चिकट होतो म्हणून लोकं जुना मागतात, तर बारीक धान वाळवून उन्हाळ्यापर्यंत ठेवता आलं तर भाव पण बरा लागतो.

ठेवणाऱ्यांनी दिल्लीकडं पण लक्ष ठेवा. २० जुलै २०२३ ला बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात एका रात्रीत बंद झाली होती, ती सप्टेंबर २०२४ च्या शेवटी टनाला किमान ४९० डॉलरच्या अटीवर उघडली, आणि ऑक्टोबरात ती अट पण काढली. असं काही झालं की व्यापारी आठवड्यात भाव बदलतो, केंद्राचा भाव हंगामभर तोच. म्हणून बारीक धान ठेवायचं तर निम्मंच ठेवा, आणि ठोकळ धान केंद्र सुरू आहे तोवर काढून टाका, खरेदीची मुदत वाढेल या भरवशावर बसू नका.