आलिकान्ते प्रांतातले किल्ले आणि टेहळणी बुरूज कसे पाहावेत

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आलिकान्ते प्रांतात किल्ल्यांची दाटी आहे, आणि ती सरहद्दीमुळे. 26 मार्च 1244 रोजी अल्मिस्रा इथे आरागॉनचा राजा जाउमे पहिला आणि कास्तीलचा युवराज आल्फोन्सो यांच्यात, मुस्लिमांकडून जिंकायच्या प्रदेशाची हद्द ठरवणारा तह झाला. विल्येना आणि साक्स कास्तीलकडे गेले, बियार आणि कास्ताल्या आरागॉनकडे. विल्येना ते बियार हे अंतर जेमतेम 8 किलोमीटर, आणि आजही दोन्हीकडे किल्ले उभे आहेत. म्हणून किल्ले सुटे सुटे न पाहता जोडीने पाहा. एका तटावरून समोरचा किल्ला दिसला की हा इथेच का बांधला, ते आपोआप कळते.

दिवसाला दोन किल्ले पुरेत. नकाशावर विनालोपो नदीच्या खोऱ्यातले पाच-सहा किल्ले एका ओळीत दिसतात, ए-31 महामार्ग त्यांच्या जवळूनच जातो, आणि एका दिवसात सगळे उरकण्याचा मोह होतो. तसे केले तर निम्म्या ठिकाणी बंद दार पाहून परतावे लागते. अंतर कमी असले तरी वेळापत्रक आडवे येते. बहुतेक किल्ले सोमवारी बंद असतात, दुपारी दोनच्या सुमारास दार लागते ते चार-पाचपर्यंत उघडत नाही, आणि मुख्य बुरुजाच्या आत सहसा ठरलेल्या वेळेला, मार्गदर्शकासोबतच सोडतात. या फेरीच्या वेळा आधी मिळवा आणि बाकीचा दिवस त्यांच्याभोवती बसवा. प्रत्येक गावात पर्यटन कार्यालय असते. तिथे आदल्या दिवशी फोन करून तीन गोष्टी विचारा: आतली फेरी किती वाजता, कोणत्या भाषेत, आणि जागा आधी राखावी लागते का. लहान गावांत तिकिटासाठी सुटे युरो जवळ असू द्या. साक्सचा किल्ला अरुंद सुळक्यासारख्या कड्यावर आहे आणि खालून अतिशय देखणा दिसतो, पण तो रोज उघडा असेल असे गृहीत धरू नका.

सुरुवात विल्येनापासून करा. इथे रेल्वेने येणाऱ्यांची एक हमखास फसगत होते. विल्येना नावाची दोन स्थानके आहेत. वेगवान गाड्यांचे नवे स्थानक गावाबाहेर, काही किलोमीटर दूर शेतांमध्ये आहे आणि तिथून टॅक्सीशिवाय पर्याय नसतो. जुने स्थानक गावातच आहे, तिथून किल्ल्यापर्यंत चालत जाता येते. तिकीट काढताना स्थानकाचे पूर्ण नाव वाचा. जुन्या मार्गावर गाड्या मोजक्याच धावतात, म्हणून परतीची वेळ आधी टिपून ठेवा आणि मग किल्ल्यावर चढा.

विल्येनाच्या अतालाया किल्ल्याला दुहेरी तट आहे. बाहेरच्या तटाला गोल बुरूज, आत दुसरा तट, आणि त्याला लागून चार मजली चौकोनी मुख्य बुरूज. आत शिरण्याआधी या बुरुजासमोर पाच मिनिटे नुसते उभे राहा. खालचे दोन मजले मातकट आणि गुळगुळीत, वरचे दोन दगडी, असा फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो. खालचा भाग 12व्या शतकातला, अल्मोहाद या उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम राजवटीचा. वरचे मजले 15व्या शतकात पाचेको घराण्याने, म्हणजे विल्येनाच्या मार्केसांनी (ही सरदारकीची पदवी) चढवले. खालच्या मजल्यांवर मान वर करून छत बघायला विसरू नका. विटांच्या कमानी एकमेकींना छेदत जातात आणि त्यांच्या जाळीवर घुमट उभा आहे. या प्रकारच्या छतांमध्ये स्पेनमधली ही फार जुनी उदाहरणे आहेत. नेपोलियनच्या काळातल्या युद्धात फ्रेंच सैन्याने इथे स्फोट घडवून छताची नासधूस केली, त्यामुळे जुने बांधकाम आणि दुरुस्ती शेजारी शेजारी दिसतात. मार्गदर्शकाला सांगून दोन्ही मजल्यांवर दोन मिनिटे जास्त मागा. बहुतेक गट वरच्या गच्चीच्या ओढीने इथून भरभर निघून जातात.

आता त्या मातकट भिंतीबद्दल, कारण इथले जवळपास सगळे जुने किल्ले तिने बांधलेले आहेत आणि ती वाचता आली की अर्धा किल्ला वाचता येतो. लाकडी फळ्यांचा साचा उभा करायचा, त्यात माती, चुना आणि खडी थराथराने ओतून ठोकून दाबायची, थर घट्ट झाला की साचा वर सरकवायचा, अशी ही पद्धत. साचा आडव्या दांड्यांवर टेकलेला असे. दांड्या काढल्या किंवा कुजल्या की भिंतीत छोटी भोके उरतात. ही भोके सरळ आडव्या रांगांत दिसतात आणि दोन रांगांमधले अंतर म्हणजे साच्याची उंची, साधारण 80 ते 90 सेंटिमीटर. रांगा मोजून गुणाकार केला की भिंतीची उंची अंदाजे निघते. जिथे रांग अचानक तुटते किंवा अंतर बदलते, तिथे नंतरची डागडुजी आहे असे समजायला हरकत नाही. हे पाहायला सकाळचा किंवा संध्याकाळचा तिरपा उजेड लागतो. भर दुपारी उभ्या उन्हात भिंत सपाट दिसते, भोकेही नीट उठून दिसत नाहीत.

अशा भिंतीला टेकू नका आणि तिच्या कडेवर बसू नका. वरची चुन्याची कडक साल शाबूत असेपर्यंतच ती पावसाला दाद देत नाही. साल फुटली की आतली माती दर पावसात थोडी थोडी वाहून जाते. स्पेनमध्ये 22 एप्रिल 1949 च्या फर्मानापासून सगळ्या किल्ल्यांना, पडक्यांनासुद्धा, कायद्याचे संरक्षण आहे. राखणदार नसलेल्या अवशेषांनाही ते लागू होते.

विल्येनाची फेरी सकाळी झाली तर दुपारनंतर बियार. गाडी नसेल तर टॅक्सी ठरवा आणि परतीचीही आधीच पक्की करा. बियारचा मुख्य बुरूजही अल्मोहाद काळातला, तीन मजली, आणि इथेही कमानींच्या जाळीचे छत आहे. दोन्ही छते एकाच दिवशी पाहिली की तुलना करता येते, म्हणून ही जोडी मोडू नये असे आमचे ठाम मत आहे. तह झाल्यावरही बियार लगेच आरागॉनच्या हाती आले नव्हते. जाउमेने वेढा घातला आणि फेब्रुवारी 1245 मध्ये ते पडले. उतार पाहिला की वेढा महिनोनमहिने का चालला असेल ते लक्षात येते.

दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर नोवेल्दाजवळचा ला मोला किल्ला. त्याचा एक बुरूज त्रिकोणी आहे आणि असा बुरूज सहसा पाहायला मिळत नाही. तीनही बाजूंनी फिरून पाहा, एका जागेवरून तो साध्या चौकोनी बुरुजासारखाच भासतो.

आलिकान्ते शहरातला सांता बार्बरा किल्ला 166 मीटर उंचीच्या बेनाकान्तिल डोंगरावर आहे. 4 डिसेंबर 1248 रोजी, संत बार्बराच्या सणाला, कास्तीलच्या सैन्याने तो घेतला आणि त्यावरून हे नाव पडले. पोस्तिगेत किनाऱ्यासमोर एक बोगदा आहे. सुमारे 200 मीटर आत चालत गेले की डोंगराच्या पोटातून वर जाणारी लिफ्ट लागते. जाताना लिफ्ट घ्या, उतरताना ला एरेता बागेतून जुन्या वस्तीत पायी या. उलट केले तर उन्हात चढ अंगावर येतो आणि किल्ला पाहायला त्राण उरत नाही. वर पोचल्यावर सर्वांत उंच भागापासून सुरुवात करा. सर्वांत जुने अवशेष तिथेच आहेत. मधला टप्पा 16व्या शतकातला आणि खालचा 18व्या शतकातला. म्हणजे उतरताना तुम्ही क्रमाने पुढच्या शतकांत येता.

किनाऱ्यावरच्या टेहळणी बुरुजांबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. त्यांतले बहुतेक मध्ययुगीन नाहीत. ते 16व्या शतकातले, उत्तर आफ्रिकेतून येणाऱ्या समुद्री चाच्यांवर नजर ठेवण्यासाठी बांधलेले. दिवसा धूर, रात्री आग, असा इशारा एका बुरुजावरून दुसऱ्याकडे जाई, आणि घोडेस्वार किनाऱ्यावरून गस्त घालत. म्हणून बुरुजाशी पोचल्यावर आधी दोन्ही बाजूंचे किनारे न्याहाळा. शेजारचा बुरूज किंवा त्याची जागा जिथे दिसते, तिथपर्यंत याची हद्द. मग बांधणी पाहा. गोल बुरूज खाली रुंद आणि वर निमुळता, खालचा भाग भरीव, आणि दार जमिनीपासून काही मीटर उंच. शिडी आत ओढून घेतली की दार तोडायला खाली जागाच नाही. दाराच्या बरोबर वर, गच्चीच्या कडेला, पुढे आलेला दगडी सज्जा असेल तर त्याच्या तळाला उघडी फट शोधा. तिथून खालच्यावर दगड टाकत.

सर्वांत सोपा बुरूज एल काम्पेल्योचा. आलिकान्तेच्या लुसेरोस स्थानकातून ट्रामने जा आणि बंदराकडे चालत निघा. मोराइराजवळच्या काप दोर भूशिरावरचा बुरूज पायी चालणाऱ्यांसाठी. एल पोर्तेत किनाऱ्यापासून जाऊन-येऊन साधारण 4 किलोमीटर, वाट शेवटी खडकाळ, आणि कड्याला कठडा नाही. जोराच्या वाऱ्यात तिथे जाऊ नका. आलिकान्तेच्या ईशान्येकडच्या जुन्या शेतमळ्यांत चौकोनी बुरूज विखुरले आहेत. हल्ला आला की मळ्यातली माणसे त्यांत आसरा घेत. त्यांतले बरेच खासगी आवारात असल्याने रस्त्यावरूनच पाहावे लागतात. सांता फासचा मात्र मठाशेजारी, चौकात, मोकळा उभा आहे.

मार्च ते मे आणि ऑक्टोबरच्या मध्यानंतरचे दिवस सर्वांत चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये खोऱ्यात पारा 35 अंशांवर सहज जातो आणि तटावर सावली नसते. माणशी दीड-दोन लिटर पाणी न्या, किल्ल्यावर मिळेलच असे नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही तासांत धो धो पाऊस कोसळतो आणि कोरडे ओढे बघता बघता भरतात. तशी सूचना असेल त्या दिवशी पायवाटा टाळा. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्याची पातळी रोज जाहीर होते. ती 3, म्हणजे सर्वांत वरची, असेल तर रानातल्या वाटा बंद असू शकतात. अडचण आली तर फोन 112. बूट खरखरीत तळव्याचे घाला, कारण चुनखडीच्या पायऱ्या शतकानुशतके पाय लागून गुळगुळीत झाल्या आहेत आणि कोरड्या असतानाही सटकतात.

शेवटी सणांच्या तारखा तपासा. मूर (मुस्लिम) आणि ख्रिश्चनांच्या लढाईचा सण बियारमध्ये 10 ते 13 मे आणि विल्येनामध्ये 5 ते 9 सप्टेंबर असतो. त्या दिवसांत मिरवणुकांमुळे रस्ते बंद राहतात, राहायला खोली मिळत नाही आणि किल्ल्याच्या फेऱ्यांचे वेळापत्रक बदलते. सण पाहायचा असेल तर खोली कितीतरी आधी घ्या. किल्लाच पाहायचा असेल तर आठवडाभर पुढे-मागे या.